राज्याचा दर्जा म्हणजे नेमके काय? काश्मीर, तेलंगणा, औंध संस्थान आणि पॅलेस्टाईन यांना एकच शब्द लागू होतो का?

राज्यशास्त्र_विटा

नमस्कार. मी विट्यात कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवते. जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत मिळावा या मागणीच्या बातम्या येत असल्यामुळे वर्गात त्यावर चर्चा होते आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पुढे जातात. तेथे विधानसभा आहे, निवडून आलेले मुख्यमंत्री व मंत्रिमंडळ आहे, उच्च न्यायालयही आहे. मग दर्जा मागणारे लोक आणखी नेमके काय मागत आहेत, हा त्यांचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न शब्दाच्या वापराविषयी आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांत काश्मीर, तेलंगणा आणि पॅलेस्टाईन या तिन्हींसाठी ‘स्टेटहूड’ हा एकच शब्द येतो. मराठीत मात्र आपण काश्मीरबद्दल ‘राज्याचा दर्जा’ म्हणतो, तेलंगणा किंवा विदर्भाबद्दल ‘वेगळे राज्य’ म्हणतो आणि पॅलेस्टाईनबद्दल ‘स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता’ म्हणतो. ही केवळ बोलण्याची पद्धत आहे, की यामागे खरोखरच वेगवेगळ्या गोष्टी आहेत?

तिसरा प्रश्न आमच्या भागातला आहे. माझ्या वर्गात आटपाडी आणि कुंडल भागातील मुले आहेत. ही गावे १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. औंधला राजा होता, न्यायालये होती, १९३९ पासून लोकांना अधिकार देणारी राज्यघटनाही होती. मग औंध हे ‘राज्य’ होते की नव्हते? होते म्हटले, तर ते आजच्या महाराष्ट्रासारखे होते की नेपाळसारखे? परीक्षेपुरते उत्तर मला नको आहे. मुलांसमोर ठामपणे मांडता येईल असे विवेचन जाणकारांनी करावे, ही विनंती.

वकील_सांगली

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला अर्धा सुटतो. मराठीतील तिन्ही प्रयोग वेगळे आहेत ते योग्यच आहे आणि वर्गातही ते वेगळेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादा प्रदेश भारतीय संघात आधीपासून वेगळा घटक असतो, पण केंद्राच्या थेट अमलाखाली असतो, आणि संसद कायदा करून त्याला राज्यांच्या पंक्तीत बसवते, तेव्हा त्याला राज्याचा दर्जा मिळाला असे आपण म्हणतो. हिमाचल प्रदेशाला तो २५ जानेवारी १९७१ रोजी मिळाला, मणिपूर व त्रिपुराला २१ जानेवारी १९७२ रोजी, मिझोराम व अरुणाचल प्रदेशाला फेब्रुवारी १९८७ मध्ये आणि गोव्याला ३० मे १९८७ रोजी. तेलंगणाची गोष्ट निराळी होती. तो प्रदेश आंध्र प्रदेश या पूर्ण राज्याचाच भाग होता, त्यामुळे तेथील लोकांना राज्याचा दर्जा नव्हता असे म्हणताच येत नाही. त्यांना त्या राज्यातून बाहेर पडून स्वतःचे राज्य हवे होते आणि ते २ जून २०१४ रोजी झाले. पहिल्या प्रकारात अधिकार बदलतात, दुसऱ्या प्रकारात सीमा बदलतात.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले असे आपण म्हणतो आणि भावनेच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा वाचला, तर त्याची शब्दयोजना अशी आहे की गुजरात हे नवे राज्य निर्माण होईल आणि मुंबई राज्याचा जो भाग उरेल तो महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखला जाईल. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्र हे जुन्या मुंबई राज्याचेच पुढचे रूप आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा दर्जासाठी नव्हता, कारण दर्जा मुंबई राज्याला होताच. मराठी भाषकांचा सलग प्रदेश एका राज्यात यावा आणि मुंबई त्याच राज्यात राहावी, यासाठी तो लढा होता. मुलांना हा फरक एकदा समजला, की विदर्भाची मागणी आणि काश्मीरची मागणी ती एका माळेत ओवणार नाहीत.

आता पहिला प्रश्न. विधानसभा असणे आणि राज्य असणे या दोन गोष्टी एक नाहीत. राज्यसूचीतील विषयांवर कायदे करण्याचा अधिकार राज्याला थेट संविधानातून मिळतो आणि सर्वसाधारण परिस्थितीत संसद त्या विषयांना हात लावू शकत नाही. लावायचाच असेल तर राज्यसभेचा दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव किंवा आणीबाणी यांसारखे अपवादाचे मार्ग आहेत. केंद्रशासित प्रदेशाच्या बाबतीत हे कुंपण नाही. अनुच्छेद २४६ च्या चौथ्या खंडानुसार, जो प्रदेश कोणत्याही राज्यात समाविष्ट नाही त्याच्यासाठी संसद राज्यसूचीतील विषयांवरही कायदा करू शकते. तेथे विधानसभा असली तरी संसदेचा हा अधिकार संपत नाही.

शिवाय विधानसभेच्या हाती काय दिले आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. दिल्लीसाठी १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३९ कक आला. त्यानुसार सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे विषय दिल्लीच्या विधानसभेकडे नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये, त्या राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करणाऱ्या २०१९ च्या पुनर्रचना कायद्याने, सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस वगळले आहेत. जमीन मात्र वगळलेली नाही. त्याच कायद्यानुसार अखिल भारतीय सेवांतील अधिकारी आणि भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा यांविषयी नायब राज्यपाल स्वतःच्या विवेकाधिकाराने निर्णय घेऊ शकतात. सातारच्या किंवा सांगलीच्या पोलीस अधीक्षकांची बदली मुंबईत मंत्रालयातून होते आणि त्याबद्दल गृहमंत्र्यांना विधानसभेत जाब विचारता येतो. श्रीनगरच्या आमदाराला आपल्या विधानसभेत तसा जाब विचारता येत नाही, कारण पोलीस केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे आहेत. दर्जा मागणारे लोक हीच गोष्ट मागत आहेत: ज्याला मत दिले त्याच्याकडे पोलीस ठाण्याचा, अधिकाऱ्यांचा आणि कायद्याचा हिशेब मागता यावा.

पैशाची बाजूही आहे आणि ती वर्गात सहसा सांगितली जात नाही. वित्त आयोग केंद्रीय करांतील जो वाटा ठरवतो, तो राज्यांसाठी असतो. केंद्रशासित प्रदेशांना केंद्राच्या अर्थसंकल्पातून वेगळे अनुदान मिळते. जम्मू-काश्मीर राज्य राहिले नाही, तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा एकूण वाटा ४२ टक्क्यांवरून ४१ टक्के केला, त्याचे कारण हेच होते. वाटा हक्काने मिळणे आणि अनुदान मंजूर होणे यांत मोठे अंतर आहे.

याउलट एक गोष्ट अशीही आहे की काही ठिकाणी संविधान स्वतःच केंद्रशासित प्रदेशाला राज्य मानते. वस्तू व सेवा कर आला तेव्हा १०१ व्या घटनादुरुस्तीने अशी व्याख्या घातली, की त्या कराशी संबंधित अनुच्छेदांपुरते ‘राज्य’ या शब्दात विधानसभा असलेला केंद्रशासित प्रदेशही येतो. म्हणून दिल्ली व पुद्दुचेरीचे प्रतिनिधी जीएसटी परिषदेत मतदान करतात. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यातील ‘राज्य’ या शब्दातही केंद्रशासित प्रदेश समाविष्ट आहेत, पण त्या व्याख्येच्या आधारे अनुच्छेद २४६ मधील अधिकारांची वाटणी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. एखादा प्रदेश राज्य आहे का, असे विचारल्यावर मी वकील म्हणून आधी विचारतो, की कोणत्या कायद्यासाठी आणि कोणत्या कामासाठी.

याच ओघात अनुच्छेद १२ चा उल्लेख करतो. मूलभूत हक्कांच्या भागापुरती ‘राज्य’ या शब्दाची व्याख्या तेथे अतिशय व्यापक आहे. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकार, विधिमंडळ आणि स्थानिक प्राधिकरणे हे सर्व तिच्यात येते. त्यामुळे सातारा जिल्हा परिषद किंवा सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका ही त्या अर्थाने राज्य आहे. तिने समानतेचा हक्क मोडला तर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते. सहकारी साखर कारखाना मात्र साधारणपणे या व्याख्येत येत नाही. शासनाचे त्यावर खोलवर आणि सर्वव्यापी नियंत्रण सिद्ध झाले तरच प्रश्न वेगळा होतो. येथे राज्य म्हणजे नागरिकावर सत्ता चालवणारी यंत्रणा. राज्यशास्त्रात आपण तिला राज्यसंस्था म्हणतो. तिचा आणि घटक राज्याच्या दर्जाचा संबंध जोडू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या जम्मू-काश्मीर प्रकरणातील ११ डिसेंबर २०२३ च्या निकालाविषयी वर्गात नेमकेपणाने सांगणे आवश्यक आहे. राज्याचे रूपांतर केंद्रशासित प्रदेशात करता येते का, या मुख्य प्रश्नाचा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जम्मू-काश्मीरपुरता दिलाच नाही, कारण दर्जा परत देण्यात येईल असे केंद्राच्या वतीने महान्यायअभिकर्त्यांनी न्यायालयात सांगितले. लडाखचा वेगळा केंद्रशासित प्रदेश मात्र न्यायालयाने वैध ठरवला. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत निवडणुका घ्याव्यात आणि दर्जा शक्य तितक्या लवकर परत द्यावा, असे निकालात म्हटले होते. निवडणुका झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील नव्या मंत्रिमंडळाने दर्जा परत मिळण्याविषयी ठराव केला. ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांना दिनांक जोडलेला नसणे ही त्या निकालातील मोठी उणीव आहे, असे मला वाटते.

वाईचा_वाचक

वकील साहेबांनी घटनात्मक बाजू मांडली आहे. मी ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. वाईत विश्वकोशाचे कार्यालय असल्यामुळे संज्ञांचा काटेकोरपणे विचार करण्याची सवय येथील अनेक वाचकांना लागलेली आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य कशाला म्हणावे, याचे सर्वाधिक उद्धृत होणारे उत्तर १९३३ साली उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातील देशांनी केलेल्या करारात आहे. स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, या चार गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. पहिल्या तीन डोळ्यांना दिसतात. चौथीवर सगळे अडते, आणि ती समजून घेण्यासाठी आपल्या साताऱ्याच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा व कृष्णा आणि पश्चिमेला सह्याद्री, असा प्रदेश त्यांच्याकडे आला. प्रारंभी कारभार कंपनीचा साताऱ्यातील प्रतिनिधी ग्रँट डफ पाहत होता. १८२२ मध्ये तो महाराजांच्या हाती देण्यात आला. प्रदेश होता, रयत होती, आणि शासन तर उत्तम होते. रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण यांबाबत प्रतापसिंहांचा कारभार आजही आदराने सांगितला जातो. पण तहात एक अट होती: रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीच्या, मार्फत नसेल तर इतर सत्तांशी, इतकेच काय आपल्या प्रजेबाहेरच्या सरदारांशीही, महाराजांनी संबंध ठेवू नयेत. पुढे त्यांच्यावर जे आरोप ठेवले गेले, त्यांत गोव्यातील पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आरोप प्रमुख होता. स्वतंत्र राजाने परकीय सत्तेशी बोलणी केली तर तो परराष्ट्र व्यवहार ठरतो. साताऱ्याच्या राजाच्या बाबतीत तो गुन्हा ठरवण्यात आला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे त्यांची बाजू मांडली, पण न्याय मिळाला नाही, आणि १८४७ मध्ये महाराज काशीतच निवर्तले.

त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब यांचे ५ एप्रिल १८४८ रोजी निधन झाले. त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने मान्य केला नाही आणि सातारचे राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने खालसा केलेले हे पहिले राज्य. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉर्ज क्लार्क यांनीही या निर्णयाला विरोध केला होता. तहात महाराज आणि त्यांचे वारस व उत्तराधिकारी असे शब्द होते आणि हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्र हा वारसच असतो. डलहौसीचा युक्तिवाद असा, की हे राज्य कंपनीने दिलेले आहे, म्हणून वारसाला मान्यता द्यायची की नाही हेही कंपनीच ठरवणार. राज्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या मान्यतेवर टांगलेले असले म्हणजे काय होते, ते येथे लख्ख दिसते. आमच्या जिल्ह्यावर झालेला तो उघड अन्याय होता आणि तो तसाच शिकवला जावा, असे मी मनापासून म्हणतो.

आता औंध. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान सलगही नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये स्वतःचे अधिकार कमी करून ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली, तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, आणि त्या काळात असे पाऊल उचलणारे संस्थानिक फार थोडे होते. अंतर्गत कारभाराच्या दृष्टीने औंध हे शेजारच्या ब्रिटिश मुलखापेक्षाही अधिक लोकशाही होते. परंतु संरक्षण आणि परराष्ट्र संबंध इंग्रजांच्या अधिसत्तेखाली होते. त्यामुळे ते नेपाळसारखे सार्वभौम राज्य नव्हते. आजच्या महाराष्ट्रासारखेही नव्हते, कारण घटक राज्याला संविधानाने हमी दिलेले अधिकार असतात, संसदेत प्रतिनिधी असतात, आणि संघाशी असलेला वाद सर्वोच्च न्यायालयात नेता येतो; संस्थानिकाला यांपैकी काहीच नव्हते. म्हणून मराठीने त्यासाठी संस्थान हा तिसरा शब्द ठेवला आहे, आणि मुलांना तोच द्यावा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यानुसार ही अधिसत्ता संपली आणि तत्त्वतः प्रत्येक संस्थान मोकळे झाले. प्रत्यक्षात सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण हे विषय भारताकडे आले. ८ मार्च १९४८ रोजी औंध, सांगली, फलटण, जत अशी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर नंतर, १ मार्च १९४९ रोजी आले. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

पॅलेस्टाईनविषयी थोडक्यात. राज्य अस्तित्वात येते ते वस्तुस्थितीने की इतरांच्या मान्यतेने, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील जुना वाद आहे. भारताने पॅलेस्टाईनला १९८८ मध्येच मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला सदस्य नसलेले निरीक्षक राज्य असे स्थान दिले. याच्या उलट बाजूला आपलाच देश आहे. १९४५ मध्ये भारत संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य झाला, त्यापूर्वी राष्ट्रसंघाचाही सदस्य होता, आणि दोन्ही वेळा तो पारतंत्र्यात होता. सदस्यत्व म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे मुलांना यावरून सांगता येईल.

कुंडल_पलूस

वाईच्या सरांनी औंधविषयी लिहिले, पण कुंडलचे नाव घेऊन प्रतिसरकारचा उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९४३ पासून तीन वर्षे या भागात समांतर शासन चालवले. तुफान सेना होती, लोकन्यायालये होती, सावकारी व दरोडेखोरी यांना आळा घातला होता. लोकसंख्या, प्रदेश आणि शासन ही तिन्ही लक्षणे दिसतात. लोक इंग्रज सरकारपेक्षा प्रतिसरकारचा हुकूम मानत होते. मग त्या काळापुरते हे राज्यच होते, असे म्हणायला काय हरकत आहे? आमच्या गावांत आजही ‘पत्री सरकारचे राज्य’ असेच म्हणतात.

वाईचा_वाचक

आपण प्रतिसरकारचा विषय काढलात हे फार चांगले झाले. लोक ‘पत्री सरकारचे राज्य’ म्हणतात तेव्हा त्यांना अंमल म्हणायचा असतो, आणि तो अंमल खरा होता. शासन या लक्षणाचा गाभा आज्ञापालनात आहे, आणि ते पालन या गावांत प्रतिसरकारने मिळवले होते. पण एक गोष्ट प्रतिसरकारने कधी केली नाही: आपण भारतापासून वेगळे राज्य आहोत असा दावा. सातारचे लोक सातारा स्वतंत्र करायला निघाले नव्हते. ते हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा म्हणून आपल्या गावांत इंग्रजी सत्ता मोडत होते. जो दावाच केला नाही, त्याच्या कसोटीवर त्यांना तोलणे त्यांच्या हेतूला न्याय देणारे ठरणार नाही. राज्यसंस्थेचा अधिकार लोकांच्या संमतीतून येतो, हे शिकवायचे असेल तर मात्र प्रतिसरकारपेक्षा जवळचे उदाहरण नाही. लोकन्यायालयाचा निवाडा पाळायला लावणारा शिक्का कोणाकडे नव्हता, तरी तो पाळला जात होता.

स्पर्धापरीक्षा_कराड

ताई, परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ जेथे होतो, तेवढी एक गोष्ट जोडतो. ‘राज्याचा दर्जा’ आणि ‘विशेष राज्याचा दर्जा’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. बिहार किंवा आंध्र प्रदेश विशेष दर्जा मागतात, तेव्हा ती राज्ये आधीपासून पूर्ण राज्येच आहेत. त्यांची मागणी केंद्रीय साहाय्यात सवलत मिळण्याची असते. ही पद्धत १९६९ मध्ये पाचव्या वित्त आयोगाच्या आणि गाडगीळ सूत्राच्या (राज्यांना केंद्रीय योजना-साहाय्य वाटण्याच्या सूत्राच्या) काळात आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर या तीन राज्यांपासून सुरू झाली. संविधानात असा दर्जा नाही. अनुच्छेद ३७१ मध्ये काही राज्यांसाठी विशेष तरतुदी आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे, कारण विदर्भ व मराठवाड्याच्या विकास मंडळांची तरतूद तेथेच आहे. पण त्यामुळे महाराष्ट्र विशेष दर्जाचे राज्य होत नाही. पूर्वीचा अनुच्छेद ३७० हा आणखी तिसरा विषय. तो गेला नसता तरी राज्याचा दर्जा जाऊ शकला असता का, किंवा तो परत न येता दर्जा परत येऊ शकतो का, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारता येतात, यावरूनच हे दोन विषय वेगळे आहेत हे दिसते.

राज्यशास्त्र_विटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गात या चर्चेचा मी नक्की उपयोग करीन. वकील साहेबांना एकच गोष्ट पुन्हा विचारते. वेगळे राज्य करताना मूळ राज्याची संमती लागते का? म्हणजे महाराष्ट्र विधानसभेने नकार दिला, तर विदर्भ वेगळा होऊच शकत नाही, असे काही विद्यार्थी ठामपणे म्हणतात. आणि २०२२ मध्ये जत तालुक्यातील काही गावे पाण्याच्या प्रश्नावरून कर्नाटकात जाण्याची भाषा करत असल्याच्या बातम्या होत्या. एखाद्या गावाला तसा अधिकार असतो का?

वकील_सांगली

संमती लागत नाही, मत विचारावे लागते. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे वा घटवणे, सीमा किंवा नाव बदलणे, हे सर्व संसद साध्या बहुमताच्या कायद्याने करू शकते. विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि ज्या राज्यावर परिणाम होणार त्याच्या विधिमंडळाकडे ते मत मागण्यासाठी पाठवावे लागते. मत किती दिवसांत द्यायचे, ती मुदत राष्ट्रपती ठरवतात. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्था केली. विधिमंडळाने विरोध केला किंवा मतच दिले नाही, तरी संसद पुढे जाऊ शकते. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले आणि फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले.

या विषयावरचा पायाभूत खटला आपल्याच राज्याच्या इतिहासातला आहे. १९५६ मध्ये मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक सुचवले होते आणि विधिमंडळाचे मत त्यावरच घेतले होते. संसदेत चर्चा होता होता त्याऐवजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य करण्यात आले. प्रस्ताव इतका बदलल्यावर विधिमंडळाचे मत पुन्हा घ्यायला हवे होते, असा आक्षेप बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: विधेयकावर मत एकदा मागितले की अट पूर्ण झाली, संसदेने नंतर केलेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारण्याची गरज नाही. कायदा आज असा आहे. मला स्वतःला असे वाटते, की ज्या राज्याचे अस्तित्व बदलायचे त्याच्या लोकांचे मत इतके दुय्यम ठेवणे संघराज्याच्या भावनेला धरून नाही. तरी वर्गात कायदा काय आहे आणि आपले मत काय आहे, हे वेगवेगळे सांगावे.

जतच्या गावांचे उत्तर यातूनच मिळते. ग्रामसभेच्या ठरावाने राज्याची सीमा हलत नाही. तो ठराव म्हणजे लोकांनी आपली अडचण शासनासमोर मांडण्याचा मार्ग आहे, आणि पाण्याची अडचण खरी असल्यामुळे तो गांभीर्याने घ्यायला हवा. सीमा हलवायची तर अनुच्छेद ३ खालील कायदाच लागेल. बेळगावसह सीमाभागाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३१ खाली आहे, तो संघ आणि राज्ये यांच्यातील तसेच राज्याराज्यांतील वादांसाठी असलेला मार्ग आहे.

एक भेद मात्र विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते, तेव्हा साधा कायदा पुरतो, कारण ते भारतातच राहते. भारताचा भूभाग परदेशाला द्यायचा असेल, तर अनुच्छेद ३ पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितले आणि त्यामुळे नववी घटनादुरुस्ती करावी लागली. २०१५ मध्ये बांगलादेशाला १११ वस्त्या देऊन त्यांच्याकडून ५१ घेतल्या, तेव्हाही शंभरावी घटनादुरुस्ती झाली ती याच कारणाने.